सारसबागेत तळं नाही, डाळजात गाव नाही

आधी भांडण कुठनं लागलं ते सांगतो.

रातपाळी सुटली. गिरणीच्या दारातल्या टपरीवर चहा पीत होतो. शेजारच्या रिंगफ्रेमवरचा गडी म्हणाला, "लेका, सारसबागेत गेलास, भेळ खाल्लीस, हिरवळीवर लोळलास. कुणी जात विचारली का तुला? मग बोंबलतोस कशापायी? आता सगळं मोकळं झालंय. तुम्हा लोकांना सुखच बघवत नाही."

माणूस वाईट नाही. माझी बॉबिनं भरून आली आणि मी पेंगत असलो तर हाक मारून उठवतो. पण त्या 'तुम्हा लोकांना'मध्ये सगळं आलं. मला तिथं नीट उत्तर सुचलं नाही. मी दहावी नापास माणूस, तोंडाने चटकन वाद घालता येत नाही. लिहायला बसलो की हळूहळू सापडतं. तरी त्याचं तसलं बोलणं मी सोडून दिलं असतं. पण चार दिवसांनी आपल्यातलाच एक कार्यकर्ता, मोर्चात घोषणा देऊन ज्याचा घसा बसतो तो, तेच म्हणाला. "बागेत कसला आलाय लढा? तळ्याचा लढा बाबासाहेबांनी महाडला संपवला." तेव्हा मात्र डोकं सणकलं. म्हणून हे.

झालं होतं असं. आज्जीच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं आपरेशन पुण्याला झालं होतं. महिन्यानं परत दाखवायला बोलावलं. मी एक खाडा टाकून तिला घेऊन गेलो. दुपारी तीनला मोकळे झालो, सोलापूर बाजूची गाडी पाचनंतर. आज्जी म्हणाली, "तळ्यातला गणपती हितंच हाय म्हनं. ती तळं तरी बघू." गणपतीशी तिचं देणंघेणं नाही. छप्पन सालात तिच्या बापानं घरातले सगळे देव टोपलीत घालून भीमेत सोडले, तेव्हा ती पाचसहा वर्षांची होती. पण तळं म्हटलं की ती थांबते. पाण्याकाठची बाई आहे.

स्वारगेटवरनं चालत गेलो. काळा चष्मा घातलेली म्हातारी आणि तिचा हात धरलेला मी. आत गेलो. हिरवळ. वळणावळणाची वाट. पोरं फुगे घेऊन पळतायत. देवळाकडं जाणारी रांग. देवळाभोवती कमळांचं थोडं पाणी ठेवलंय, देखाव्यापुरतं. आज्जी मधोमध उभी राहिली. चष्मा काढला. परत घातला. परत काढला. मला म्हणाली, "लेका, डोळा बिघडला का रं माझा? तळं दिसंना."

मी म्हटलं, "आज्जी, तू तळ्यातच उभी हायेस. बुजवलं ते."

ती खाली वाकली आणि हिरवळीला हात लावून बघितला. मग म्हणाली, "आनि पानी कुठं गेलं?"

दोस्तहो, हा प्रश्न इतिहासाच्या कुठल्या प्राध्यापकाला सुचला नाही. सारसबागेवर लिहिणाऱ्यांनी संध्याकाळची थंडगार हवा लिहिली, दिवाळी पहाटेचे दिवे लिहिले, गाणी लिहिली, कुणाचं कुणाशी कसं जमलं ते लिहिलं. पाणी कुठं गेलं हे आमच्या निरक्षर म्हातारीनं विचारलं.

आता ते तळं काय होतं ते ऐका. पर्वतीवर नानासाहेब पेशव्यानं १७४९ च्या सुमारास देऊळ बांधलं आणि पायथ्याला तळं खणून घेतलं. मध्ये बेट ठेवलं, त्यावर बाग केली. पुढं १७८४ ला सवाई माधवरावाच्या काळात त्या बेटावर गणपती बसला. म्हणून तळ्यातला गणपती. पेशवाई १८१८ ला बुडाली, तळं राहिलं. मग तेही गेलं, आणि १९६९ ला महापालिकेनं तिथं आजची बाग केली. एवढं कुणीही सांगतो. वर एक आख्यायिकाही चघळून चघळून सांगतात. तळ्याचं काम रेंगाळलं तेव्हा नानासाहेब स्वतः हत्तीवरनं उतरला आणि त्यानं दगड उचलला. ते बघून सगळे सरदार-दरकदार लाजले, दगड उचलायला लागले आणि काम भराभर झालं.

बघा हं. एक दगड. तो पेशव्यानं उचलला, तो अडीचशे वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडात आहे. बाकीचे दगड काय आपोआप उडून काठाला जाऊन बसले? एवढी माती कुणी उपसली, कुणाच्या टोपलीतनं गेली? वेठीला धरून आणलेल्यांची नावं आख्यायिकेत येत नाहीत, कारण त्यांना उतरायला हत्ती नव्हता. ज्याचा जन्मच दगडाखाली गेला त्यानं दगड उचलला तर ती बातमी होत नाही. ज्यानं कधीच उचलला नाही त्यानं उचलला की ती कथा होते. मी रोज पाळीत किती बॉबिनं काढतो. पण उद्या मालकानं फोटोपुरतं एक बॉबिन काढलं तर त्याचाच फोटो भिंतीवर लागेल. माझा काही लागायचा नाही.

आणि हे तळं त्या राज्यातलं, ज्या राज्याच्या राजधानीत आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये ते लिहून ठेवलंय. थुंकायला मडकं. आपली थुंकी त्यांच्या जमिनीवर पडू नये म्हणून. ज्यांची थुंकी जमिनीला चालत नव्हती त्यांचा हात पाण्याला चालला असेल का, हे विचारायला कुठलं दप्तर उघडावं लागत नाही.

वर बघितलं की पर्वती. शंभरावर पायऱ्या. आज्जीला चढवत नव्हतं आणि चढायचंही नव्हतं. पण आपल्या पोरांनी त्या पायऱ्यांकडं बघावं. १३ ऑक्टोबर १९२९ ला त्या पायऱ्यांवर आपली माणसं चढायला गेली. शिवराम जानबा कांबळे होते, पां. ना. राजभोज होते. शिवराम जानबा म्हणजे १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे पत्र पुण्यातनं काढणारा माणूस. आपण आज ही चार पानं काढतो आणि आपल्याला वाटतं आपणच पहिले! तर त्या दिवशी वरनं दगड आले. देऊळ उघडलं नाही. तेव्हा सत्याग्रह्यांची डोकी फुटली. त्याच टेकडीवर आज पहाटे लोक घाम गाळायला, पोट कमी करायला जातात. जाऊ देत, माझं काही म्हणणं नाही. पण त्या पायऱ्यांवरचा दगड म्हटल्यावर मला तो दगड आठवतो, नानासाहेबाचा आठवत नाही.

माझा गिरणीतला गडी म्हणेल, झालं गेलं सोड की. आता दार मोकळं आहे. आहे ना! मीच आत गेलो. तिकीट नाही, कुणी अडवलं नाही. बागेच्या बाहेर अण्णाभाऊंचा पुतळाही आहे. शाळेत फार न टिकलेला, वाटेगावाहून पायी मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला माणूस. मी त्याच्यापुढं दोन मिनिटं उभा राहिलो, मला बरं वाटलं. पण मोकळं काय केलं ते तरी बघा. भांडण पाण्याचं होतं. पाणीच उरलं नाही, तेव्हा गवतावर बसायला कुणी कुणाला हरकत घ्यावी? गवताला विटाळ नाही. पाण्याला होता. आणि पाणी तर दुसरीकडं गेलंय. तिथं जाऊन बघा दार मोकळं आहे का.

कुठं गेलंय? लांब नाही. बागेतनं निघून पर्वतीच्या पायथ्याला गेलं की खडकवासल्याचा कालवा लागतो, मुठा उजवा कालवा. पुण्याच्या पोटातनं जातो, हडपसर, दौंड करत करत आमच्या इंदापूर तालुक्यापर्यंत येतो. त्या कालव्याच्या काठाला, टेकडीच्या उतारावर, कोण राहतं? जनता वसाहत. दांडेकर पुलाची वस्ती. आपली माणसं. उताराला, काठाला, नाल्याला, रुळाला लागून जी जी जागा उरते ती आपली. २७ सप्टेंबर २०१८ ला भर सकाळी तो कालवा फुटला. शेकडो घरांत पाणी शिरलं. भांडी वाहून गेली, पोरांची दप्तरं वाहून गेली, पीठ भिजलं. बागेपासून हाकेच्या अंतरावर. पाणी मिळत नाही म्हणून ज्यांच्या बाया हंड्यासाठी भांडतात त्यांच्या घरात पाणी आलं ते असं आलं. आणि राज्याच्या मंत्र्यांनी दोष कुणाला दिला? घुशी, उंदीर आणि खेकड्यांना. त्यांनी म्हणे कालवा पोखरला. पुढल्या साली कोकणात तिवरे धरण फुटलं, माणसं मेली, तेव्हाही खेकडेच सापडले. या राज्यात पाण्याच्या गुन्ह्यात खेकड्याइतका सराईत आरोपी दुसरा नाही.

तर कालव्यानं चांगलं पाणी आमच्याकडं येतं ते आवर्तनानं येतं. आम्ही शेपटाला. वरच्यांचं भागलं की उरलं तर येतं. शहर वाढलं की आवर्तन लांबतं. पण दुसरं एक पाणी आहे, त्याला आवर्तन नाही, त्याची पाळी कधी चुकत नाही. पुणं जे पाणी पितं, धुतं, ढुंगणाला लावतं आणि सोडून देतं ते पाणी. ते मुठेत जातं. मुठा मुळेला मिळते, मुळामुठा पुढं दौंड तालुक्यात भीमेला मिळते. १ जानेवारीला कोरेगावला आपण ज्या भीमेच्या काठावर जातो, छाती फुगवून, तीच भीमा. तिथनं खाली आल्यावर तिच्यात हे सगळं मिसळतं आणि उजनीत येऊन थांबतं. आमच्या दारात.

चांगलं पाणी कालव्यानं थेंब थेंब, घाण पाणी नदीनं भरभरून. आता सांगा ते मडकं कुठं गेलं. गळ्यातनं काढलं खरं. एवढं मोठं केलं की त्यात ११७ टीएमसी मावतं.

उजनीचं काम १९६६ ला सुरू झालं, १९८० ला धरण पुरं झालं. आज्जी तेव्हा दोन पोरांची आई. इंदापूर, करमाळ्याकडची काठावरची गावं उठली. आमचं डाळज उठलं. आज आमच्या गावाच्या नावाला नंबर लागलाय, डाळज नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन. ज्याची जमीन गेली त्याच्या हातात काहीतरी कागद तरी पडला. आमचा तर उतारा कुठला? हाडकी-हाडवळ्याचा एक तुकडा होता, तो आधीच कुणाच्या तरी नांगराखाली गेलेला. आमच्या वाट्याला आला तो माळ. आज्जी सांगते, पाणी चढायला लागलं तेव्हा आधी महारवाडा बुडाला. कारण महारवाडा खालच्या अंगाला. गाव उंचावर, आम्ही उताराला, हीच वाडवडलांची रीत. धरणाला काही जात माहीत नव्हती, पण त्यानं जातीच्या क्रमानं गाव गिळलं, फक्त उलट्या. तिची चूल बुडत होती तेव्हा वरच्या आळीत लग्नाचा मांडव होता. हे ती रागानं नाही सांगत. नुसतं सांगते. राग मला येतो.

आता त्या पाण्यावर काय आहे? पर्यटन! थंडीत रोहित पक्षी येतात, लांब लाल पायांचे. कुंभारगावला, डिकसळला, भिगवणला गाड्यांची रांग लागते. पुण्यामुंबईची माणसं हातभर लांब भिंगाचे कॅमेरे घेऊन होडीत बसतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, मग त्याचे फोटो काढायला पळापळ. देऊळ वर आलं की बातमी. महारवाड्यातल्या मातीच्या भिंती वर येत नाहीत, त्या विरघळल्या. पाखरांवर माझा राग नाही, पाखरं बिचारी गाळातलं खातात. पण विचार करा. ते आपलं तळं बुजवून त्याची बाग करतात आणि आपला गाव बुडवून त्याचंही तळं करतात, आणि मग दोन्हीकडं रविवारी फिरायला तेच येतात. आपण एकीकडं भेळवाल्याच्या गाडीवर भांडी विसळतो, दुसरीकडं होडीला वल्हं मारतो. आमच्या वस्तीतली तीन पोरं वल्हं मारतात. चार पैसे मिळतात, नाही म्हणत नाही. एक पोरगा पाहुण्यांना पाखरांची इंग्रजी नावं सांगतो. त्याच्या पणजोबाचा उंबरा बरोबर कुठं पाण्याखाली आहे ते त्याला माहीत नाही.

आणि प्यायला? काठावर उभं राहिलं तर पलीकडचा किनारा दिसत नाही एवढं पाणी, आणि आम्ही नाणं टाकून मशिनचं पाणी घेतो. वीस लिटरचा जार सायकलला बांधून. नदीच्या पाण्यात हात घातला की खाज सुटते. आज्जीच्या लहानपणी महारवाड्याला पाणोठा वेगळा होता, खाली, गुरांच्या पाण्याच्या खाली. तिला मी एकदा म्हटलं, आता तर सगळ्यांना एकच पाणी. तर म्हणाली, "व्हय, आता समद्यांनाच गुराखालचं."

इथं मला एक बोलायचंय, आणि ते काही लोकांना झोंबणार. अख्खा इंदापूर तालुका आज पुण्याचा महारवाडा झालाय. खालच्या अंगाला राहणारा, वरच्याचं उष्टं पिणारा. यात पाटील आला, बागाईतदार आला, कारखान्याचा डायरेक्टर आला. तेही पाण्यासाठी मोर्चे काढतात, पुण्याला शिव्या देतात, आमच्यावर अन्याय होतो म्हणतात. खरंच होतो. मी त्यांच्या मोर्चाला जाईन. पण जाताना विचारीन, बाबांनो, वरचा खालच्याला काय करतो हे आज तुम्हाला कळलं. मग आमच्या वस्तीची पाइपलाइन दरवेळी शेवटी का? गावातल्या टाकीचं पाणी आधी वरच्या आळीला, मग खालच्या, मग आम्हाला, आणि तोवर वीज जाते. तुम्हाला पुणं जे करतं ते तुम्ही आम्हाला पिढ्यान्पिढ्या करत आलात. तुम्ही त्याला अन्याय म्हणता आणि आम्हाला करताना रीत म्हणता. याचं उत्तर दिलंत तर मोर्चात पुढं चालीन. नाही दिलंत तरी चालीन, पण गप्प बसून नाही.

आता आपल्यांकडं वळतो. त्या घसा बसलेल्या मित्राकडं.

तळ्याचा लढा महाडला संपला म्हणतोस. अरे, तो तिथं सुरू झाला. बोले ठराव १९२३ चा. महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ चा. कागदावर तळं मोकळंच होतं! तरी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ ला माणसं घेऊन पाण्यापर्यंत चालत जावं लागलं. का? कागदावरचं मोकळं आणि ओंजळीतलं मोकळं यात फरक असतो म्हणून. पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांना काठ्या बसल्या आणि तळं शुद्ध केलं, एकशेआठ घागरी, शेणमूत घालून. मग दहा वर्षं खटला, १९३७ ला हायकोर्टाचा निकाल. एवढं सगळं झालं एका तळ्यासाठी. आणि तू म्हणतोस बाग मोकळी आहे, आता कसला लढा! माझ्या रिंगफ्रेमवाल्या गड्याच्या आणि तुझ्या बोलण्यात फरक राहिला नाही, फक्त तुझ्या गळ्यात निळा पट्टा आहे.

मी दोनदा महाडला गेलोय. दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही. पण दुसऱ्या वेळी मी जरा आजूबाजूला बघितलं. तळ्याला कठडा. पायऱ्यांवर आपली पोरं मोबाइल वर धरून, तोंडं वाकडी करून फोटो काढतायत. स्पीकर तीन, गाणी तीन. प्लास्टिकचे ग्लास. पाण्याला ओंजळ लावणारा मला एक जण दिसला नाही. मीही लावली नाही. आपण काय करतोय? आपणही तळ्याची बागच करतोय. त्यांनी माती टाकून केली, आपण हार टाकून. वर्षातनं एकदा जायचं, फिरायचं, खायचं, गाडीत झोपून परत यायचं. चवदारचं पाणी १९२७ ला कुणी अडवलं ते आपल्याला तोंडपाठ, आणि आपल्या वस्तीचा व्हॉल्व्ह आज सकाळी कुणी बंद केला ते माहीत नाही.

पुण्यातच बघा. ज्या पाण्याला खरं बघायला जावं ते सारसबागेत नाही. गंज पेठेत जोतिबांनी १८६८ ला आपल्या घरातला हौद अस्पृश्यांसाठी उघडला. एवढासा हौद. त्यात ना बेट, ना कमळ, ना कारंजं. त्यासाठी कुणी हत्तीवरनं उतरलं नाही, नुसतं दार उघडलं. स्वारगेटपासून चालत अर्धा तासही लागत नाही. आणि मी, हे सगळं माहीत असलेला मी, त्या दिवशी आज्जीला घेऊन सारसबागेत गेलो, तिथं नेलं नाही. गाडी चुकेल म्हणून. मला स्वतःची लाज वाटते, म्हणून ती इथं लिहून टाकतोय.

गाडीत आज्जीला खिडकीची जागा मिळाली. हडपसर गेलं, उरुळी गेली, अंधार पडला. भिगवणच्या पुढं डाव्या हाताला पाणी चमकायला लागलं तेव्हा तिनं मला हलवलं. मी पेंगत होतो. चष्मा काढून नव्या डोळ्यानं ती बाहेर बघत होती. म्हणाली, "तकडं, त्या दिव्याच्या खाली जरा अलीकडं, आपली चूल हाय." मी बघितलं. मला नुसतं काळं पाणी दिसलं. ती मात्र बोट हलवत राहिली. चुलीच्या उजव्या अंगाला रांजण. त्याच्या पलीकडं तिची सासू मेली ती जागा. मग चिंच. मग खालचा पाणोठा.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं ते असं. आज्जी आहे तोवर हे बोट आहे. तिच्या वयाची आमच्या वस्तीत आता सहाजणं उरलीत. ती गेली की त्या पाण्याखाली कोण राहत होतं हे कुणालाच सांगता येणार नाही. मग तेही नुसतं रम्य तळं होईल. पुढचा कुणी त्याच्यावर सूर्यास्त लिहील.

म्हणून माझं आपल्या पोरांना सरळ बोलावणं आहे. २० मार्चला महाडला जा, मीही येतो. पण २२ मार्चला डाळजला या. त्या दिवशी जागतिक जलदिन असतो, साहेब लोक हॉलमध्ये पाणी वाचवा म्हणून भाषणं करतात आणि बाटलीतलं अर्धं पाणी टेबलावर ठेवून जातात. आपण काठावर जाऊ. सहाही म्हाताऱ्यांना खाटेवर बसवून नेऊ. त्या बोट दाखवतील, आपण वहीत मांडू. कुठं कुणाचं घर, कुठं पाणोठा, कुठं मसणवटा, किती जमीन, कुणाच्या नावावर होती आणि कुणाच्या नावावर गेली. मग तो कागद घेऊन तहसीलला जाऊ, सोबत वस्तीच्या पाइपलाइनचा अर्ज. ज्याला नकाशा काढता येतो त्यानं पट्टी-पेन्सिल आणावी. मला येत नाही.

सोलापूरकडं जाणाऱ्या गाडीत बसा आणि भिगवणच्या पुढं उतरा. फाट्यावर सकाळी आठपासून आमचा एक पोरगा उभा राहील. चपला जुन्या घाला, गाळ गुडघ्यापर्यंत असतो. भाकरी आमच्याकडं. प्यायचं पाणी मात्र घरनं आणा.